वाढत्या अंगाचा फ्रॉक

गिरीजच्या रस्त्यावरून केळीच्या दोन वाड्यांमधून एक पायवाट आत वळते. तिच्या टोकाला मटिल्डाचं घर. ओटीवर खिडकीशी शिलाई मशीन, मशीनच्या मानेत अडकवलेला पिवळा टेप, आणि खाली पावलाने झिजून गुळगुळीत झालेली पट्टी. नव्वदच्या सुमारास मटिल्डाच्या हातचा फ्रॉक घालून देवळात मिस्साला गेली नाही अशी मुलगी आमच्या भागात शोधून सापडली नसती. शिवणारे वसईत पुष्कळ होते. स्टेशनाजवळ तर मोठ्या आरशांची दुकानं होती. पण पोरींचे कपडे मटिल्डाकडेच यायचे, आणि त्याचं कारण फ्रॉकच्या आत होतं. बाहेरून ते दिसत नसे.

ती वाढत्या अंगाचं शिवायची.

आई मुलीला घेऊन आली की मटिल्डा आधी सगळ्यांसारखीच छाती, कंबर, उंची मोजायची. मग टेप गळ्यात टाकून खाली बसायची, पोरीची चप्पल काढायला लावायची आणि तिचं पाऊल आपल्या तळहातावर घ्यायची. टाच दाबून बघायची, मनगट दोन बोटांत धरून बघायची. "पाय आधी वाढतात," ती म्हणायची, "पोर नंतर त्यांच्या मागून येतं." पावलाचा अंदाज घेऊन ती आत किती कापड ठेवायचं ते ठरवी. घेराला खाली दुहेरी दुमड, खांद्यात थोडं, दोन्ही कुशींत थोडं. पुढच्या वर्षी आईने फक्त एक शिवण उसवायची. दुमड सुटली की विटलेल्या फ्रॉकच्या तळाशी नव्याकोऱ्या रंगाची पट्टी दिसायची. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. नारळाच्या खोडावर जशी वर्षं दिसतात, तशी आमच्या गावातल्या पोरींच्या फ्रॉकवर दिसायची.

शेजारची अँजेलिना तिला चिडवायची, "मटिल्डा, तुझ्या एका फ्रॉकात माझी पोरगी लग्नापर्यंत जाईल. मग नवऱ्याने काय करायचं?"

"नवऱ्याला म्हणावं, माप द्यायला ये," मटिल्डा म्हणायची आणि पायाखालची पट्टी दाबायची.

तिला तिच्या कामाचा अभिमान होता, आणि तो तिला शोभायचाही.

ब्याण्णव साली तिला मुलगी झाली, नॅन्सी. बाळसेदार, काळ्याभोर केसांची. बाप्तिस्म्याला फादरांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा ती रडली नाही, टकामका बघत राहिली, आणि सासू कॅथरिन आजी पुढे कितीतरी दिवस हे ज्याला त्याला सांगत होती. पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक मटिल्डाने गुलाबी सॅटिनचा शिवला आणि आत चांगली तीन बोटं दुमड ठेवली. त्याच महिन्यात नवरा आग्नेल मस्कतला नोकरीला गेला. जाताना त्याने मुलीला उचलून तराजूसारखं वरखाली केलं आणि म्हणाला, "मी येईन तेव्हा ही मला उचलता येणार नाही."

तो गुलाबी फ्रॉक दुसऱ्या वर्षी नॅन्सीला तसाच बसला.

मटिल्डाला वाटलं, दुमडच जास्त ठेवली असेल. तिसऱ्या वर्षीही तो बसला. सॅटिनचा रंग उडाला, झालर फाटली, पण तळाची शिवण उसवायची वेळ आली नाही. दात उशिरा आले. चालली उशिरा, तीही गुडघे थोडे वाकवून, जणू पाठीवर काही ओझं आहे. उन्हात नेलं की गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे आणि कातडी निघायची. चेहऱ्यावरचं बाळसं ओसरलं, डोळे आत गेले. नाक बारीक आणि टोकदार दिसू लागलं. कॅथरिन आजी म्हणायची, "आग्नेलसुद्धा बारका होता. सातव्या वर्षानंतर एकदम सुटला. वाढेल." त्या घरात हा शब्द मिठासारखा होता, रोज लागायचा.

मात्र नॅन्सीसारखं हसरं पोर आमच्या वाटेवर दुसरं नव्हतं. ती ओटीच्या सावलीत मशीनजवळ बसायची आणि जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायची. भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका, पाववाला, घरोघर भेटी द्यायला निघालेले फादर, सगळे थांबून तिला हात करून मग पुढे जायचे. ती फार बोलत नसे. मोजके शब्द होते तिच्याकडे, ते ती सगळ्यांना सारखे वाटायची.

नॅन्सी साडेतीन वर्षांची असताना आग्नेल पहिल्यांदा सुट्टीवर आला. पोर लहान चणीची राहिलीय एवढंच त्याला दिसलं. आईने त्याच्या लहानपणच्या बारकेपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि तोही हसला. त्यानंतर त्याची कंपनी बंद पडली, दुसरा मालक मिळाला, त्याने पासपोर्ट ठेवून घेतला, आणि सुट्टी पुढे पुढे जात राहिली. आग्नेल रविवारी फोन करायचा. रस्त्यावरच्या फोनबूथचा मालक आत्माराम माणूस पाठवून मटिल्डाला बोलावून घ्यायचा. आग्नेल दर वेळी विचारायचा, नॅन्सी किती मोठी झाली. काचेच्या त्या खोक्यात उभी राहून मटिल्डा सांगायची, "वाढतेय."

एकदा म्हटलेला हा शब्द मग परत घेता येईना. तिने फोटो पाठवले, पण ते तिने स्वतः बसवून काढून घेतलेले. नॅन्सी एकटी केळीखाली. नॅन्सी मांडीवर. नॅन्सी पाटावर उभी, पाट झालरीने झाकलेला. शेजारी दुसरं मूल कधी नाही, दार नाही, खुर्ची नाही, ज्यावरून डोळ्याला माप कळेल असं काहीच नाही. फ्रॉक मात्र दर वेळी नवा. एकाच कागदी मापावर मटिल्डा वर्षामागून वर्षं फ्रॉक कापत होती. कापड बदलायची, गळा बदलायची, कॉलर लावायची. आणि प्रत्येकात दुमड ठेवायची. आतल्या त्या दुमडी तशाच्या तशा राहून फ्रॉक जुने व्हायचे आणि पेटीत जायचे.

गावात लोक बोलत होते. विहिरीवर कोणी म्हणालं की सगळ्यांच्या पोरी वाढवते आणि स्वतःची तेवढी राहिली. मटिल्डाच्या कानावर ते आलं. ती पुढच्या रविवारी त्याच बाईच्या मुलीचा फ्रॉक नेहमीपेक्षा बारीक टाके घालून देऊन आली.

नॅन्सी सहा वर्षांची झाली तेव्हा ऐकू कमी येऊ लागलं आणि एका डोळ्यात पांढरं दिसायला लागलं. तेव्हा अँजेलिनाला सोबत घेऊन मटिल्डा तिला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तपासण्या झाल्या, पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी घाई केली नाही. त्यांनी आखलेला कागद पुढे ठेवला. त्यावर इतर मुलांच्या वाढीच्या रेषा डोंगराच्या चढासारख्या वर गेल्या होत्या. नॅन्सीची रेषा पहिल्या वर्षी त्यांच्यातच होती, मग आडवी झाली, खाडीच्या पाण्यासारखी. वजनाची रेषा तर शेवटी थोडी खाली झुकलेली.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. कुणा परदेशी डॉक्टरचं लांबलचक नाव होतं ते, मटिल्डाच्या तोंडात बसलं नाही. बाकीचं तिला समजलं. हा जन्माबरोबर आलेला दोष आहे. आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा, दोघांच्याही अंगात झाकलेला, आणि लेकरात येऊन पुरा झालेला. लाखांत एखाद्याला होतो. ही मुलं जन्मताना इतरांसारखीच असतात, वर्ष-दीड वर्षानंतर वाढ थांबते. अंग वाढत नाही, पण म्हातारं मात्र लवकर होतं. कान जातात, डोळे जातात, सांधे आखडतात. कुणाची चूक नाही. औषध नाही. उन्हापासून जपा, पोटात जाईल तेवढं घाला.

मटिल्डाने विचारलं, "वाढेल का थोडी तरी?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही वाढणार, मटिल्डा. आता हळूहळू कमी होईल." मग त्यांनी विचारलं, की मुलीच्या वडलांना हे माहीत आहे ना. मटिल्डाने मान हलवून हो म्हटलं.

घरी आल्यावर तिने सासूला एवढंच सांगितलं की डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल. त्या रविवारी फोन आला. आत्मारामच्या काचेच्या खोक्यात ती रिसीव्हर धरून उभी राहिली. तिने सांगायचं ठरवलं होतं. पलीकडून आग्नेल म्हणाला की पहिल्या कम्युनियनला नक्की येतो, मालकाने शब्द दिलाय. मटिल्डा म्हणाली, "ये. वाढतेय."

दोन हजार साली मे महिन्यात नॅन्सीच्या वयाच्या मुलांची पहिली कम्युनियन ठरली. आमच्याकडे हा दिवस लग्नासारखा असतो. आठ-नऊ वर्षांची मुलं पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्ती घेऊन, ओळीने देवळात जातात आणि पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात. नॅन्सी रविवारच्या धर्मशिक्षणाला नेमाने जायची, सिस्टरांच्या मांडीशी बसून. प्रार्थना तिला अर्धी पाठ होती. फादर म्हणाले, ती अर्धी देवाला पुरे.

आदल्या आठवड्यात आग्नेल आला. टॅक्सी रस्त्यावर सोडून, डोक्यावर बॅग घेऊन केळीतून चालत आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि हसत बॅग उघडली. सगळ्यांत वर एक चपटं खोकं होतं, पारदर्शक झाकणाचं. त्यात पांढरा फ्रॉक. सॅटिनचा, वर जाळी, जाळीवर मोत्यांची वेल, खाली तीन थरांचा घेर. आत कागदाची चिठ्ठी टाचलेली, आठ वर्षांच्या मुलीसाठी.

"बोलव तिला," तो म्हणाला.

नॅन्सी आतून आजीचं बोट धरून आली. डोळ्यांवर जाड चष्मा, डोक्यावर उन्हाची टोपी, गुडघे वाकलेले. उंचीला दीड-दोन वर्षांच्या पोराएवढी. चेहरा मात्र कुणा दमलेल्या म्हातारीचा. तिने बापाला ओळखलं की नाही ते सांगता येत नाही, पण ती सगळ्यांना करायची तसा तिने त्याला हात केला.

आग्नेल फ्रॉक हातात धरून उभा होता. फ्रॉकचा घेर जमिनीला लागत होता आणि नॅन्सीचं डोकं त्या फ्रॉकच्या कमरेशी येत होतं. तो खाली बसला. त्याने तिला उचललं. उचलताना त्याचे हात ओझ्याच्या तयारीने जोरात वर गेले, आणि ती एकदम त्याच्या खांद्याच्याही वर गेली, इतकी हलकी होती. नॅन्सी खुदकन हसली.

तिला खाली ठेवून तो मटिल्डाला म्हणाला, "तू म्हणायचीस, वाढतेय."

"म्हणायचे," मटिल्डा म्हणाली.

"दर रविवारी."

"हो."

तो ओरडला नाही. विहिरीकडे गेला आणि कठड्यावर पाठ करून बसला. मटिल्डा तिथे गेली आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं तिने एका दमात त्याच्या पाठीला सांगितलं, अर्धं तुझं आणि अर्धं माझं, तेही सांगितलं. त्याने विचारलं, किती वर्षं. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. नंतर तो उठून आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला होता. फ्रॉक त्याने मशीनवर ठेवला. म्हणाला, "हाच घालायचा. बसव तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मटिल्डा फ्रॉक घेऊन बसली. कात्री समोर होती. पण तिने कात्री घेतली नाही, सुई घेतली. घेराचे तिन्ही थर आतल्या आत दुमडले, पुन्हा दुमडले, तिसऱ्यांदा दुमडले. कुशी आत घेतल्या, खांदे आत घेतले, बाह्या आत सारल्या. आग्नेलने विचारलं, एवढं कापड आत कशाला, कापून का टाकत नाहीस. ती म्हणाली, "कापलं की संपलं. आत असलं की कधीही सोडता येतं." त्याला शिवणातलं कळत नव्हतं.

संध्याकाळी घोंगडीसारखा जाड झालेला तो फ्रॉक तिने नॅन्सीच्या अंगात चढवला. बाहेरून माप बरोबर होतं. मोती चमकत होते. कॅथरिन आजीने दिवा लावला आणि सगळे बघायला उभे राहिले. नॅन्सीने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकताना ती हळूच खाली बसली, जशी गादीची गुंडाळी खाली बसावी. तिने झालर धरून उठायचा प्रयत्न केला. मग वर बघून ती आईला म्हणाली, "मम्मी, जड."

मटिल्डा गुडघ्यांवर बसली आणि कुशीची एक दुमड उसवून थोडी कमी करू लागली. तेवढ्याने काही होणार नव्हतं. ते तिलाही दिसत होतं, तरी तिची सुई चालूच होती.

तेव्हा कॅथरिन आजी पुढे आली. जिने आठ वर्षं या घरात वाढेल, वाढेल म्हटलं होतं, तीच. तिने मशीनवरची कात्री उचलली, मूठ सुनेकडे करून पुढे धरली.

"काप, मटिल्डा," ती म्हणाली. "पोर दमलंय."

नॅन्सीचा फ्रॉक उतरवला. मटिल्डाने सगळे टाके उसवले. फ्रॉक पुन्हा आठ वर्षांच्या मुलीएवढा होऊन पाटावर पसरला. आजीने एक टोक ताणून धरलं, दुसरं आग्नेलने. मटिल्डाने त्यावर खडूने नॅन्सीचं माप आखलं, आज होतं तेवढं, आणि रेषेला लागूनच कात्री चालवली. शिवणीला लागतं तेवढं अर्धं बोट सोडलं. त्यापलीकडे काही ठेवलं नाही. सॅटिन कापताना आवाज होतो, तो त्या दिवशी घरभर ऐकू आला. कापलेलं कापड पायाशी पडत गेलं, राहिलेल्यापेक्षा पडलेलंच जास्त. रात्री मशीन चालू झालं तेव्हा नॅन्सी आजीच्या मांडीवर झोपली होती.

कम्युनियनच्या सकाळी उन्हं चढायच्या आत मुलं शाळेसमोर उंचीप्रमाणे उभी केली. नॅन्सी सगळ्यांच्या पुढे. मापात बेतलेल्या त्या फ्रॉकमध्ये ती सरळ उभी राहिली, आग्नेलचं बोट धरून. बाहेरगावचा फोटोग्राफर आला होता. तो म्हणाला, "ही छोटी फुलं टाकणारी आहे ना? तिला जरा बाजूला घ्या."

आग्नेल म्हणाला, "नाही. ती आठ वर्षांची आहे. तिची कम्युनियन आहे."

शाळेपासून देवळापर्यंतचं अंतर ती चालत गेली. मागची सगळी ओळ तिच्या चालीने चालली. सिस्टरांनी कुणाला घाई केली नाही.

आग्नेल परत मस्कतला गेला नाही. वाडीत केळी आणि पानवेल करू लागला. नॅन्सीला खांद्यावर घेऊन संध्याकाळचं ऊन उतरलं की वेलींखालून फिरवायचा. ती वरून सगळ्यांना हात करायची. हळूहळू ऐकू येणं पूर्ण गेलं, मग दिसणं. हात करणं शेवटपर्यंत राहिलं. पावलांचा हादरा जमिनीतून लागला की ती त्या दिशेला हात करायची. कधीकधी तिकडे कुणी नसायचं, वाऱ्याने केळीचं पान आपटलेलं असायचं.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात, मरियामातेच्या सणाच्या आधी नऊ दिवसांची नोव्हेना-प्रार्थना चालू असताना ती गेली. साधा ताप होता.

तिला कम्युनियनचा फ्रॉक घातला. तीन वर्षांपूर्वी रेषेला लागून कापलेला, आत काहीही न ठेवलेला तो फ्रॉक तिला ढिला झाला होता. मटिल्डाने दोन्ही कुशींना हाताने टाके घातले. शेवटचा दोरा दाताने तोडला, कारण कात्री कुठे ठेवली ते कुणालाच आठवत नव्हतं.

वर्षभर मशीनवर चादर होती. गावाने कपडे दुसरीकडे टाकले नाहीत. पोरी जुन्याच फ्रॉकांत फिरत राहिल्या, तळाशी दोन-दोन, तीन-तीन पट्ट्या घेऊन. मग एक दिवस अँजेलिना कापड घेऊन गेली, मशीनवरची चादर काढून तिने घडी घातली आणि धाकट्या मुलीला मापाला उभं केलं. मटिल्डा उठली. तिने छाती, कंबर, उंची मोजली. पाऊल मात्र तळहातावर घेतलं नाही.

तो फ्रॉक वर्षाच्या आत आखूड झाला. अँजेलिनाने उसवून बघितला तर आत दुमड नव्हती. ती नवं कापड घेऊन परत गेली. सगळ्या बायकांचं तेच झालं. मटिल्डा आता अंगाबरोबर शिवते हे गावाला कळलं, आणि याबद्दल तिला कुणी एक शब्द विचारला नाही. ज्या बायका एका फ्रॉकात तीन वर्षं काढायच्या, त्या दर वर्षी नवं कापड घेऊ लागल्या.

सुहासिनी बाई आमच्या शाळेत नव्याने लागल्या होत्या. राहायला आचोळ्याला, घर मूळचं साताऱ्याकडचं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या मुलीला, उन्नतीला, घेऊन आल्या आणि माप झाल्यावर सहज म्हणाल्या, "ताई, खाली दोन-चार बोटं आत राहू द्या. वाढत्या अंगाची आहे."

मटिल्डाने टेप गुंडाळला. आतल्या दारात कॅथरिन आजी तांदूळ निवडत बसली होती, तिचा हात थांबला.

"मी आज आहे त्याच मापाचं शिवते, बाई," मटिल्डा म्हणाली. "वाढली की घेऊन या. मी पुन्हा माप घेईन."

पुढच्या वर्षी त्या आल्या. फ्रॉक उन्नतीच्या गुडघ्यांच्या कितीतरी वर गेला होता आणि पोरगी तो खाली ओढत लाजत उभी होती. मटिल्डाने टेप लावला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग टेप तसाच धरून ती आत सासूकडे वळून म्हणाली, "आय, वाढली हो ही."

आतून सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज आला, आणि मग आजीचा.

"वाढू दे."